बिनखांबाची फळी

९ फेब्रुवारी

वही हिनेच आणून दिली. "माझ्याशी बोलायचं नसेल तर निदान वहीशी तरी बोला," म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. ही पडदे शिवते. वही तिच्या मापांची आहे. पहिल्या चार पानांवर गिऱ्हाइकांच्या खिडक्या: दंतवैद्य, वरचा मजला, ग्रंथालय, वाचनखोली, आणि पाचव्या पानावर नुसतं 'घरचं', त्याखाली आमच्या खिडक्या. प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात ती नावाची छोटी पट्टी शिवते, म्हणजे अदलाबदल होत नाही. आमच्या पडद्यांनाही पट्टी आहे. तिच्यावर 'घरचं'.

तर लिहितो. वय त्रेपन्न. सव्वीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे केले. पंपाचं धड असो की गिअरची पेटी, लोखंडात जे ओतायचं ते आधी माझ्या हातून लाकडात व्हायचं. सूतभर चूक नाही. आता म्हणे कॉम्प्युटरच साचा कोरतो. डिसेंबरात आमचा विभाग बंद झाला.

घरी मी तीन आठवडे सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघायचो आणि तलावाकाठच्या बाकावर जाऊन बसायचो. एक दिवस माझी रक्तदाबाची गोळी घरी राहिली म्हणून हिने कारखान्यात फोन केला. संध्याकाळी मी डबा ओट्यावर ठेवला तेव्हा ही म्हणाली, "आज काम कसं होतं?" मी म्हणालो, "नेहमीचंच," आणि वर एका पंपाच्या साच्याची अख्खी गोष्ट रचून सांगितली. कुठे लाकूड फाटलं, कसं सांधलं, सगळं. हिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सांगितलं की तिला दुपारीच कळलं होतं.

"नोकरी गेली त्याचं मला काही नाही," म्हणाली. "पण पुन्हा एकदा असं तोंडावर खोटं बोललात तर मी ताईकडे निघून जाईन. मग बोलवायला येऊ नका." ताई म्हणजे हिची मोठी बहीण. दुसऱ्या गावात एकटी राहते, एक खोली कायम रिकामी. ही धमक्या देणारी बाई नाही, म्हणून तारीख घालून लिहून ठेवतो.

१२ फेब्रुवारी

त्या बाकावरच मी बगळ्याला पहिल्यांदा बघितलं. हे नाव मी ठेवलेलं. उंच, काटकुळा, मान पुढे काढलेली. तलावावर लोकांना उडायला शिकवतो. बोर्डावर उभं राहायचं, हातात फुगवलेलं शीड धरायचं, त्याला विंग म्हणतात. बोर्डाच्या पोटाखाली हातभर दांडा आणि दांड्याच्या टोकाला पंख, ते फॉइल. वाऱ्याने वेग आला की पाण्यातले पंख बोर्डाला उचलून धरतात आणि बोर्ड पाण्याला टेकतच नाही. दोन फूट वर. आवाज नाही, फेस नाही. पहिल्या दिवशी मी डबा खायचा विसरलो, आणि घरी भरलेला डबा दिसू नये म्हणून कुत्र्याला घातला.

काल गेलो आणि त्याचा विकतचा बोर्ड टकटक करून बघितला. आत थर्माकोल, वर काचेचं कापड आणि ते चिकटवायला इपॉक्सी. म्हटलं, हा मी घरी करीन. बगळा म्हणाला, "करतात काका, बरेच जण करतात. पण पाण्यात भार वेगळा येतो." काका! पस्तिशीचा घोडा आणि मला काका म्हणतो. मी सांगितलं, सव्वीस वर्षांत मी केलेली एकही वस्तू तुटून परत आलेली नाही.

हा बोर्ड होऊ दे. ही काठावर उभी राहील आणि मी तिच्यासमोरून पाण्याच्या वरून जाईन. मग बघू कोण ताईकडे जातं.

२१ फेब्रुवारी

हिचं मशीन शिवणाच्या खोलीतून उचलून हॉलच्या खिडकीशी ठेवलं. तिथे उजेड जास्त आहे, तिचाच फायदा. खोली आता माझी. भिंतीवर खऱ्या मापाचं चित्र लावलं: लांबी पाच फूट आठ इंच, रुंदी सत्तावीस इंच, जाडी पाच.

ही बराच वेळ चित्रासमोर उभी होती. टेप आणून स्वतः मोजलंही. "ही फळी कुणाच्या वजनाला?" विचारलं. बोर्डाला फळीच म्हणते, मुद्दाम.

"माझ्या. शहाण्णव किलो."

"आणि मी?"

"तू काठावरून फोटो काढ."

हसली नाही. विनोद कळायलाही डोकं लागतं.

३ मार्च

थर्माकोलचा ठोकळा कापला. दोन्ही बाजूंना लाकडी आकार ठोकायचे आणि तापलेली तार त्यांच्या कडेवरून ओढत न्यायची. तारेचं एक टोक माझ्याकडे, दुसरं हिच्याकडे. आकारांवर एक ते वीस खुणा केल्या होत्या. दोघांनी प्रत्येक खुणेवर एकदमच पोचायचं. ही आकडे मोठ्याने म्हणत होती. ती नऊ म्हणाली तेव्हा मी अकरावर होतो.

"मागे पडलीस," मी ओरडलो.

"मी नऊवर आहे. तुम्ही अकरावर आहात," म्हणाली, जसं काही मला ते दिसत नव्हतं.

बरोबर मध्यावर लाट उठली. ती घासून काढण्यात अर्धा दिवस गेला. हिला सांगितलं, तार ओढताना माझ्याकडे बघत जा. म्हणाली, "मी आकड्यांकडे बघत होते. तुम्हीच ठरवलं होतं ना आकड्यांप्रमाणे?" उलट उत्तर तयारच असतं.

११ मार्च

गेल्या आठवड्यात हिला तलावावर घेऊन गेलो. माणसं कशी उडतात ते तिने एकदा बघावं, म्हणजे मी काय हाती घेतलं आहे ते तिला कळेल. बगळ्याची एक विंग फाटली होती. तो चिकटपट्टी लावत बसला होता. हिने ती त्याच्या हातातून काढून घेतली, उलटी केली, बोटाने चाचपली आणि म्हणाली, "इथे ताण येतो तर इथे दुहेरी कापड पाहिजे. पट्टीने काय होणार?" आणि घरी आणून शिवली. आता बगळ्याकडच्या सगळ्या फाटक्या विंग आमच्या हॉलमध्ये. रंगीबेरंगी धूड पसरलेलं असतं, पाय ठेवायला जागा नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी ही त्या पोचवायला जाते. सकाळी नऊला जाते ते दुपारी एकला येते. विंग पोचवायला चार तास!

१८ मार्च

खालच्या बाजूला काचेचं कापड बसवलं. इपॉक्सी एकदम मोठ्या भांड्यात कालवली. दहा मिनिटांत भांडं तापलं, धूर निघाला आणि सगळं दगड झालं. खिडक्या उघडून खोकत बसलो. तेवढ्यात ही तलावावरून आली. केस ओले होते.

"ऐका ना, आज तलावावर मी..."

"आधी ते भांडं बाहेर ने. आणि पुढच्या वेळी आल्या आल्या बडबड नको, इथे मिनिटामिनिटाचं काम असतं."

तिने भांडं बाहेर नेलं. दुसऱ्या खेपेला इपॉक्सी थोडी थोडी कालवून बसवली, उत्तम बसली. कापड मात्र हिनेच कापून दिलं होतं, हे लिहायला हवं. कात्रीला हात चांगला आहे तिचा.

२ एप्रिल

आजपासून पाठ, म्हणजे उभं राहायची बाजू. तिच्यावर अक्रोडाच्या लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा लावला. त्याच्यावर काच, आणि काचेवर पॉलिश. असा बोर्ड बगळ्याने जन्मात बघितलेला नसणार. लाकडाच्या रेषा नाकापासून शेपटीपर्यंत एकसलग गेल्या आहेत. मी अर्धा तास नुसता बघत बसलो. हे हात अजून मेलेले नाहीत.

हिच्या दोन्ही नडग्यांवर काळेनिळे डाग आहेत. विचारलं नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

६ एप्रिल

मुलीचा फोन. ती दुसऱ्या शहरात नोकरीला आहे, रविवारी करते. मी उचलला तर पहिलंच वाक्य, "आई परवा किती वेळा पडली?" म्हटलं, आई कशाला पडेल? मग गडबडली. "नाही, म्हणजे, तिने तुम्हाला सांगितलं नाही? तिलाच द्या ना फोन." मायलेकी अर्धा तास खिदळत होत्या. मला बघून आवाज खाली. मी खोलीत जाऊन पॉलिशचा आणखी एक हात दिला.

या घरात माझ्या पाठीमागे काहीतरी चाललं आहे, एवढं मला कळतं. आणि ते तलावावर चाललं आहे, एवढंही कळतं. बगळा अविवाहित आहे.

११ एप्रिल

बगळा घरी आला होता. हिनेच बोलावलं, मला न विचारता. बोर्ड बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं, ते मी नीट बघून घेतलं. पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "काका, हे भिंतीवर लावायचं काम आहे." मग बोर्ड उलटा केला. फॉइलचा दांडा जिथे स्क्रूने बसतो ती पेटी मी पोटात बसवली आहे. ती दाबून बघितली आणि विचारलं, "खाली खांब घातलात ना?"

खांब म्हणजे कडक फोमचा ठोकळा. पेटीपासून निघून आरपार वरच्या कातडीला, म्हणजे पाठीवरच्या काचेला, भिडणारा. त्याचं म्हणणं, हातभर दांड्याच्या टोकावर माणसाचा सगळा भार हिसके देतो. पेटी नुसती थर्माकोलमध्ये चिकटवलेली असेल तर एक दिवस उपटून येते. वर आणि खाली एकमेकांना बांधलेलं पाहिजे.

म्हटलं, बघतो.

"बघतो नाही काका, घालाच. आणि घातल्याशिवाय पाण्यात उतरवू नका. ते पंख धारदार असतात."

शिकवायला आला.

१२ एप्रिल

खांब घालायचा तर पाठ कापावी लागेल. अक्रोडाचा पापुद्रा मधोमध चौकोनी कापायचा, भोक पाडायचं, ठोकळा बसवायचा, पुन्हा वर ठिगळ. एकसलग रेषा जातील. वजन वाढेल ते वेगळंच. आत्ता माझा बोर्ड बगळ्याच्या विकतच्या बोर्डापेक्षा हलका आहे.

पटाशी काढली, पाठीवर खूणही केली, पेन्सिलने. मग पुसली.

इपॉक्सीने चिकटवलेली वस्तू अशी उपटून येत नसते. मी दुप्पट कापड घातलं आहे. त्या पोराने आयुष्यात कधी पटाशी धरली आहे का?

१४ एप्रिल

ही दारात येऊन उभी राहिली. "तो खांब घातलात का?"

"तुला काय करायचं आहे?"

"मला नीट सांगा. पेटीपासून वरच्या कातडीपर्यंत बांधलंय ना?"

पडदे शिवणारी बाई मला हा प्रश्न विचारते. म्हणजे बगळ्याने पढवलेलं. मी पॉलिशचा बोळा खाली ठेवला आणि म्हणालो, "हो."

"नक्की?"

"आतून घातला. बाहेरून दिसत नाही."

ती आत आली. बोर्डावरून हात फिरवला, कडेकडेने, पडद्याची किनार बघते तसा. "मग छानच झालीय," म्हणाली. "खरंच हो. फार छान झालीय फळी." आणि माझ्या खांद्याला हात लावला. डिसेंबरपासून पहिल्यांदा.

त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं, हे लिहायला मला काही लाज वाटत नाही. पण तिचा हात खांद्यावर होता.

२० एप्रिल

दोन खुर्च्यांवर बोर्ड ठेवून मी वर उभा राहिलो. शहाण्णव किलो. कुरकुरसुद्धा नाही. उड्या मारल्या, तरी नाही. मग कसला खांब न् काय! फॉइल लावून बघता आलं नाही, कारण फॉइल बगळ्याचं आहे, तो पाण्यात उतरायच्या दिवशीच देणार. पण अंदाज यायला एवढं पुरे.

खरं सांगायची गरजच राहिली नाही आता. बोर्ड टिकला की ते खोटं उरतच नाही.

२८ एप्रिल

हिने एक लांबलचक पांढरी खोळ शिवायला घेतली आहे. जाड कापड, आतून अस्तर. मी हॉलमध्ये गेलो की घडी घालून बाजूला सारते. बगळ्यासाठी असणार, दुसरं कुणाचं काम आहे सध्या? दंतवैद्याचे पडदे महिनाभर पडून आहेत. नवऱ्याच्या बोर्डाला साधं फडकं मिळालं नाही आणि त्याला अस्तर लावून खोळ.

मूग गिळून बसलो.

९ मे

शाई सांडल्यासारखं सगळं एकदम लिहितो, नाहीतर उद्या दुसरंच काहीतरी लिहीन.

सकाळी वारा चांगला होता. निघताना हिने गाडीच्या डिकीत काहीतरी गुंडाळून ठेवलं. म्हणाली, "पाण्यातून परत आलात की एक वस्तू द्यायची आहे." मी लक्ष दिलं नाही, माझं चित्त बोर्डावर. तलावावर आठ-दहा माणसं होती, सगळी बोर्डाभोवती जमली. एकाने विचारलं, विकायचा आहे का? बगळ्याने फॉइल बसवलं, स्क्रू आवळले आणि माझ्याकडे बघितलं. "खांब?" मी मान हलवली. नुसती मान हलवली, पण हलवली.

मी उतरलो. गुडघ्यांवर बसलो, पडलो. पुन्हा बसलो, पडलो. विंग माझ्या डोक्यावर पडली. बगळा काठावरून सांगत होता, काका, वाऱ्याकडे बघा, काका, मागे रेलू नका. अकरा वेळा पडलो. एकदाही दोन्ही पायांवर उभा राहिलो नाही. काठावरची माणसं हळूहळू दुसरीकडे बघायला लागली, तेच सगळ्यात वाईट. बाहेर येऊन बसलो. तोंडात तलावाचं पाणी आणि पोटात संताप.

ही जवळ आली. "मी बघू एकदा?"

मी हसलो. "जा, तूही पडून ये."

आणि हिने काठावरच्या बगळ्याच्या खोलीतून पाण्यात घालायचा एक काळा सूट आणला. तिच्या मापाचा. ती विंग घेऊन पाण्यात शिरली, गुडघे टेकले, एक पाय, मग दुसरा. उभी. बगळा ओरडला, "काकू, मागचा पाय थोडा पुढे!" तिने पाय पुढे घेतला, विंग दोनदा ओढली आणि बोर्ड पाण्यातून वर आला.

माझा बोर्ड, अक्रोडाचा. दोन फूट वर, आवाज नाही. पन्नास वर्षांची बाई, पडदे शिवणारी, माझी बायको, पाण्याच्या वरून तलावाच्या मध्यापर्यंत गेली, वळली आणि परत आली. माझ्या समोरून जाताना तिने माझ्याकडे बघून हात हलवला. इतकी हसताना मी तिला बघितलेली नाही. लग्नाच्या वेळेलासुद्धा नाही.

तेव्हा मला हाक मारायची होती. खरंच. उठून उभा राहिलो, तोंडही उघडलं. बाहेर ये, खांब नाही, असं. मग वाटलं, सगळ्यांसमोर? आणि ती अठ्ठावन्न किलोची, तिच्या वजनाला टिकेल. आणि एक वाटलं तेही लिहितो: माझ्या आधी ती उडाली. माझ्या बोर्डावर, मला न सांगता शिकून. तोंड मिटलं आणि खाली बसलो.

चौथ्या फेरीत वाऱ्याचा झोत आला. ती वर उचलली गेली, खाली आली आणि काड् असा आवाज काठापर्यंत पोचला. बोर्ड एकीकडे, ती दुसरीकडे. बगळा बोट घेऊन निघालासुद्धा. मी गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिलो.

पंखाने नडगी वितीएवढी चिरली होती. तिला काठावर आणलं, टॉवेल बांधला. बोर्ड वाहत आला. पोटात वीतभर लांब खड्डा, पेटी मुळासकट उपटलेल्या दाढेसारखी निघून गेलेली, फॉइल तलावाच्या तळाशी. बगळ्याने खड्ड्यात बोट घातलं. थर्माकोलचे दाणे हाताला चिकटले. तो माझ्याशी बोललाच नाही. हिला म्हणाला, "काकू, आत काहीच नाही."

ही माझ्याकडे बघत राहिली. रडत नव्हती.

"मी विचारलं होतं," म्हणाली. "तू मला हो म्हणालास."

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मला अरेतुरे केलं. तेही लोकांसमोर.

१० मे

नऊ टाके. दवाखान्याच्या बाकावर मी तिला म्हणालो, चूक माझी आहे पण तूही लपवलंसच ना? मार्चपासून जात होतीस. मला काय काय वाटलं असेल?

"तीनदा सांगायला आले," ती म्हणाली. "एकदा तुम्ही भांडं बाहेर न्यायला लावलंत. एकदा रेडिओ मोठा केलात. तिसऱ्यांदा मीच परत फिरले. तुम्ही फळी करताय, मी उभं राहायला शिकते, उन्हाळाभर दोघं जाऊ, असं मला वाटत होतं. वेडी मी."

मी म्हणालो, माझी कुठलीही वस्तू आजवर तुटली नव्हती. हे खरं आहे. सव्वीस वर्षांत एकही नाही.

तिने पायाची पट्टी सारखी केली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "तुमच्या साच्यांवर कधी कुणी उभं राहिलं होतं का?"

१३ मे

गेली. मशीन न्यायला बगळाच गाडी घेऊन आला. हिला लंगडताना बघून त्याने हात पुढे केला, तिने नको म्हटलं आणि कठडा धरून एकेक पायरी उतरली. मी मशीनचं एक टोक धरायला गेलो. "राहू द्या काका," म्हणाला.

हॉल एवढा मोठा आहे हे माहीत नव्हतं.

१७ मे

साच्याबद्दल विचार करतो आहे. साचा वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा. पुढे भार घेतं ते लोखंड. साच्याला फक्त आकार असावा लागतो. हे कारखान्यात शिकाऊ उमेदवारालाही ठाऊक असतं. मला कुणी आठवण करून दिली नाही.

बगळ्याने करून दिली होती. बरं, ठीक.

मुलीला फोन केला. तिने उचलला नाही.

२४ मे

गाडी साफ करायला डिकी उघडली. तिने त्या दिवशी गुंडाळून ठेवलेलं तिथेच होतं. ती पांढरी खोळ.

आत आणली आणि बोर्ड तिच्यात घालून बघितला, खड्ड्यासकट. बसला. नाकाशी सूतभर जागा नाही, शेपटीशी नाही. भिंतीवरच्या चित्रावरून माप घेतलं असणार. तेव्हाच, टेप घेऊन उभी होती तेव्हा. पोटाच्या बाजूला फॉइलच्या दांड्यासाठी फट ठेवली आहे, बरोबर पेटीच्या जागी. सगळा ओढा तिथे येणार. म्हणून तिथे तिने जाड पट्टा घातला आहे, आणि तो पट्टा खोळीभोवती फिरवून वरच्या कापडाला नेऊन शिवला आहे. अस्तरासकट आरपार. मी टाके मोजायला लागलो होतो, ते सोडून दिलं.

कोपऱ्यात पट्टी आहे. 'घरचं'.

बसून होतो तेवढ्यात फोन वाजला. तीच. अकरा दिवसांनी पहिल्यांदा. टाके निघाले, म्हणाली. चालता येतं. ताई बरी आहे. मागे ताईच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं.

"गाडीच्या डिकीत काही सापडलं का तुम्हाला?" तिने विचारलं.

हो म्हटलं असतं तर काय बघितलं ते सांगावं लागलं असतं. पट्टा सांगावा लागला असता, टाके सांगावे लागले असते. आणि नंतर आणखी बरंच.

"नाही," मी म्हणालो. "डिकी रिकामी आहे."

"बघितलीत?"

"आजच साफ केली."

मग "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. खोळ माझ्या मांडीवर होती.